कोपऱ्यातला हुंकार

...तर खुर्चीला एक हात नव्हता, इथवर आपलं बोलणं आलं होतं. नव्हता तोही उजवा. लिहिणाऱ्या माणसाला नेमका तोच हवा असतो. पण बादल्यांची एवढी अवाढव्य कंपनी, मुलुखभर कारखाने, आणि मीटिंगच्या खोलीत जादा खुर्ची म्हणून शोधून शोधून निघाली ती ही. शिंप्याच्या थोरलीनं ती मुकाट्यानं कोपऱ्यात ओढली. एका बाजूला प्लॅस्टिकचं झाड, दुसऱ्या बाजूला थंड पाण्याचं मशीन, मधे आपण, मांडीवर वही. आणि जी बसली ती बसलीच.

काल जे गोष्ट ऐकायला नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. थोरली म्हणजे बाजारामागच्या गल्लीत ज्याचं दुकान आहे त्या शिंप्याची मोठी मुलगी. शाळेत हुशार, कॉलेजात हुशार, आणि पुढं विद्यापीठात गेली ती अशी, की तिथल्या जिन्यांनासुद्धा तिची सवय झाली. तिनं पीएचडीला विषय घेतला तो असा, की मोठमोठ्या कंपन्या आपली पुढची चाल कशी ठरवतात. विद्यापीठाच्या भाषेत त्याला व्यूहात्मक व्यवस्थापन म्हणतात. गल्लीत हा शब्द पोचला तेव्हा इस्त्रीवाल्यानं काळजीनं विचारलं होतं, "लढाई कुणाशी आहे?" थोरली म्हणाली, "दुसऱ्या कंपन्यांशी." तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

शिंप्याला मात्र कुणी विचारलं, की मुलगी नेमकं काय शिकते, तर उत्तर ठरलेलं. "हं."

आता या हं बद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शिंप्याच्या तोंडात सकाळपासून टाचण्या. ओठांत ओळीनं धरलेल्या, डोकी बाहेर, टोकं आत. अशा तोंडानं माणूस बोलणार काय? पण गिऱ्हाईक तर बोलायला आलेलं असतं. पँटची कंबर सैल करायला आलेला माणूस सुनेपासून सुरुवात करतो आणि साहेबापर्यंत पोचतो. कॉलर बदलायला आलेल्या बाई धाकट्या दिराचं सगळं आयुष्य उलगडून ठेवतात. शिंपी मान खाली घालून खडूनं रेघ मारतो आणि योग्य जागी म्हणतो, "हं." त्यात नाना तऱ्हा. एक हं म्हणजे पुढं सांगा. एक म्हणजे असं झालं होय. एक अगदी आखूड, म्हणजे हात जरा वर करा, काखेचं माप घ्यायचंय. आणि एक लांबलचक, उतरत्या सुरातला, म्हणजे कपडे उद्या होणार नाहीत. माणसं तेवढ्यावर तृप्त होऊन घरी जात. थोरलीची आई म्हणायची, "यांच्याकडं कपडे शिवायला कुणी येत नाही. मन उसवायला येतात आणि नावाला एक पायजमा घेऊन येतात."

कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगाऱ्यात थोरली वाढली. बापाचे दोन्ही हात आणि तोंड अडकलेलं असलं की तो भुवईनं खूण करायचा, आणि टेबलाखालून बारीक आवाजात यायचं, "हं." गिऱ्हाइकाला फरक कळायचा नाही. कधी कधी तर गिऱ्हाईक खाली वाकून टेबलाखालीच पुढचं सांगायला लागायचं. ही सवय तिच्या इतकी अंगात मुरली, की पुढं वर्गात शिकवणारे सर तिच्याकडंच बघून शिकवायचे आणि तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू यायची नाही. वर्गातली मुलं तिच्या नावानं बोटं मोडायची. का मोडतात, हे तिला कधी कळलं नाही. आपण काही आवाज करतो हेच मुळी तिच्या गावी नव्हतं.

अशी ही थोरली बादल्यांच्या कंपनीत निघाली, तेव्हा तिच्या गाईड मॅडमनी तिला समोर बसवून नियम सांगितला. मॅडम कडक. साडीची घडीसुद्धा त्यांना घाबरून असायची.

"तू तिथं जायचं, बसायचं, ऐकायचं, रेकॉर्ड करायचं. सल्ला द्यायचा नाही, मत द्यायचं नाही, हसायचं नाही. तिथं तू नाहीस असं समज. खुर्ची आहे, वही आहे, पेन आहे. तू नाहीस. तुझ्यामुळं त्यांच्या निर्णयात केसभर जरी फरक पडला, तर तुझा प्रबंध रद्दीत घालायचा. कळलं?"

"हं," थोरली म्हणाली.

घरी येऊन तिनं हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू तिथं नसशील तर मग डबा कुणासाठी भरू?"

आता ती मीटिंगची खोली बघा. लांब टेबल, काच इतकी चकचकीत की माणसांच्या हनुवट्या दोन दोन दिसायच्या. डोक्याशी मोठे साहेब. ते डोळे मिटून बसायचे. विचार करतात असं बाकीचे म्हणत, आणि चहा आला की विचार संपायचा. त्यांच्या एका हाताला विक्रीवाले साहेब, गोरेगोमटे, बोटांनी हवेत चित्र काढत बोलणारे. कोपऱ्यातली खुर्ची बरोब्बर त्यांच्या समोर. दुसऱ्या हाताला उत्पादनवाले साहेब, कारखान्यातून थेट आलेले, बाहीला रंगाचा डाग. त्यांची थोरलीकडं पाठ. बाकीचे आणखी चारदोन साहेब, पण त्यांचं काम मान हलवायचं.

आणि त्या खोलीची रीत अशी, की एक जण बोलत असताना बाकीचे आपापल्या पाळीची वाट बघायचे. कुणी फोन चाळायचा, कुणी स्वतःचाच कागद पुन्हा वाचायचा, कुणी कंपनीच्या पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा. एकमेकांचं ऐकणं हा प्रकार तिथं नव्हताच. त्यामुळं जो तो दोन वाक्यं बोलून अवघडून खाली बसायचा, आणि मागच्या वर्षी जे केलं तेच यंदा करू, असं ठरायचं. कित्येक वर्षं कंपनी अशीच सुखात चालली होती.

थोरली बसली त्या पहिल्याच दिवशी विक्रीवाले उठले. "आपली बादली," ते म्हणाले, "फक्त निळी आणि लाल आहे." एवढंच बोलून ते सवयीनं बसायला लागले.

कोपऱ्यातून आलं, "हं."

विक्रीवाले अर्धे बसलेले थांबले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पुढं काय म्हणून विचारल्यासारखं वाटलं. ते पुन्हा सरळ झाले. "म्हणजे, हिरवी का नाही?"

"हं."

"आणि हिरवी असेल तर झाकण का नाही?"

"हं."

"झाकण असेल तर..." विक्रीवाल्यांचा आवाज आता पार बदलला होता, "तर मग माणसानं ती उचलायची कशाला? चाकं का नाहीत?"

मोठ्या साहेबांनी चहा आला नसताना डोळे उघडले.

त्या दिवसापासून विक्रीवाले थांबेनात. आधी एक चाकांची बादली, मग घरातल्या प्रत्येकाला आपली आपली बादली, मग बादल्यांचं कुटुंब, आजोबा टब आणि नातवंडं पाण्याचे मग. शेवटी तर ते भरल्या गळ्यानं म्हणाले, "बादली ही वस्तू नाही. बादली हे नातं आहे." माणूस एवढं बोलतोय म्हणजे याच्याकडं नक्कीच काहीतरी आहे, असं वाटून बाकीच्यांच्या माना हलायला लागल्या. बघता बघता चाकांची बादली कंपनीच्या पुढच्या पाच वर्षांची व्यूहरचना झाली.

उत्पादनवाले प्रत्येक मीटिंगला एकच गोष्ट सांगायचे. कडी जिथं अडकते तिथं बादली फाटते, साचा बदलायला हवा. खाली बघून, पुटपुटत. थोरली माणसाच्या चेहऱ्याकडं बघून हं म्हणायची, आणि यांची दिसायची ती फक्त पाठ. दोन वाक्यांत त्यांचं आटपायचं, आणि ते बाहीवरचा डाग नखानं खरवडत बसायचे.

पुढं पुढं मजा वाढली. बाकीच्या साहेब लोकांना कारण कळलं नव्हतं, पण त्या बाजूला तोंड करून बसलं की बोलायला सुचतं, एवढं मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं. जागेवरून रुसवेफुगवे सुरू झाले. हिशेबवाले साहेब लवकर येऊन समोरच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवायला लागले. टेबल आडवं होतं ते एका सोमवारी उभं झालेलं दिसलं. थोरलीचं नाव कुणाला धड आठवायचं नाही, म्हणून सगळे तिला विद्यापीठच म्हणायचे. "विद्यापीठ आलं का?" "विद्यापीठाला चहा द्या." एकदा तर विद्यापीठाला सर्दी झाली म्हणून मीटिंग पुढं ढकलली.

आणि थोरली काय करत होती? ती हे सगळं टिपून घेत होती. रुमालाबद्दल तिनं लिहिलं, की अधिकाऱ्यांना खिडकीचा उजेड समोरून घ्यायला आवडतो. टेबल फिरवलं त्याबद्दल लिहिलं, की संस्थेच्या रचनेत बदल घडत आहे. आणि सगळ्याच्या शेवटी तिनं सिद्धांत मांडला. मोठ्या कंपनीत ज्याचं बोलणं जास्त लांबतं, त्याचीच योजना व्यूहरचना ठरते. नाव ठेवलं लांबणीचा सिद्धांत. गाईड मॅडमना तो इतका आवडला की त्या बाहेरच्या परिषदेत जाऊन तो मांडून आल्या, आणि टाळ्या घेऊन आल्या. प्रबंध जवळजवळ झालाच. गल्लीत इस्त्रीवाल्यानं तिला आत्तापासून डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली. शिंप्यानं पदवीच्या तोंडी परीक्षेसाठी तिच्या कोटाचं कापड आणून ठेवलं. आता फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिला होता.

रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवायला टायपिंगवाल्या बाई होत्या. फार नेकीच्या बाई. जे ऐकू येईल ते लिहायच्या. त्यांच्या कागदात दर चार ओळींनी लिहिलेलं असायचं, "यंत्राचा आवाज." थोरलीला वाटलं, पाण्याचं मशीन घुमतं. तिनं भीत भीत कंपनीत सांगितलं. विद्यापीठानं प्रथमच काही मागितलं म्हणून कंपनीनं दुसऱ्याच दिवशी नवं कोरं मशीन बसवलं. पुढच्या कागदात टायपिंगवाल्या बाईंनी लिहिलं, "यंत्राचा आवाज, पूर्वीसारखाच." कंपनीनं मग प्लॅस्टिकचं झाडसुद्धा बदललं.

शेवटच्या रेकॉर्डिंगच्या वेळी टायपिंगवाल्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. म्हणून थोरली स्वतः लिहायला बसली. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. कापायच्या टेबलाच्या एका टोकाला तिनं फोन ठेवला, दुसऱ्या टोकाला शिंपी एका जाकिटाला अस्तर लावत होता, तोंडात टाचण्या. आई दाराशी बसून काज करत होती.

फोनमधून विक्रीवाल्यांचा आवाज आला. "चाक म्हणजे काय? चाक म्हणजे विश्वास."

शिंप्यानं सवयीनं म्हटलं, "हं."

त्याच क्षणी फोनमधून आलं, "हं."

तोच सूर, तीच लांबी. आईनं काजातून मान वर केली. "आज दुकानात दोन दोन शिंपी कुठून आले?"

थोरलीनं रेकॉर्डिंग मागं घेतलं. पुन्हा लावलं. चाक म्हणजे विश्वास. इकडून हं, तिकडून हं. शिंप्याला वाटलं कुणीतरी टिंगल करतंय. त्यानं फोनकडं एकदा बघून घेतलं.

"आई," थोरली म्हणाली, "हे मशीन नाही."

"मशीन कसलं? तू आहेस ती. लहानपणी याच टेबलाखालून असंच तर करायचीस."

थोरलीनं जुनी रेकॉर्डिंगं एकामागून एक लावली. जिथं जिथं बोलणं लांबलं, तिथं तिथं आधी हं. जिथं हं नाही, तिथं दोन वाक्यांत खेळ खलास. हिरवी, हं, झाकण, हं, चाकं. बादलीला चाकं दुसऱ्या कुणी लावली नव्हती. तिनंच ती लावली होती, खुर्चीत बसून, तोंड मिटून.

ती तडक गाईड मॅडमकडं गेली. मॅडमनी सगळं ऐकलं, एक रेकॉर्डिंग ऐकलं, आणि उठून दार लावून घेतलं.

"हे आणखी कुणाला माहितेय?"

"आई आणि बाबांना."

"ते परिषदेला येतात?"

"नाही."

"मग खोकला लिही."

"मॅडम, एवढा खोकला?"

"दमा लिही. अगं, परिषदेत माझ्या नावानं तो सिद्धांत छापून आलाय. तू एकटी नाहीस यात." मॅडम येरझाऱ्या घालायला लागल्या. "आणि तसं बघायला गेलं तर एका हं नं काय होतं?"

"हं," थोरली म्हणाली.

"कुठल्याही खोलीत आवाज असतातच. पंखा असतो."

"हं."

"पंख्याला कुणी प्रबंधात घालतं का? मी तर म्हणते आवाज आहे म्हणून अभ्यास जास्त खरा आहे. जास्त नैसर्गिक आहे. यावर खरं म्हणजे वेगळा लेखच..." मॅडम थांबल्या. थोरलीकडं टक लावून बघत राहिल्या. "तू आत्तासुद्धा करतेयस."

"काय?"

"हं."

मॅडम येऊन खुर्चीत बसल्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "एक मीटिंग उरलीय ना? जा, आणि तोंडातून आवाज काढू नकोस. बघू काय होतं. काही फरक पडला नाही, तर तो खोकलाच होता."

शेवटच्या मीटिंगला थोरली दोन्ही गालांत खोकल्याच्या गोळ्या कोंबून गेली. त्या दिवशी चाकांच्या बादलीवर शेवटचा शिक्का बसायचा होता. विक्रीवाले नवा टाय लावून आले होते. ते उठले. "बादली," ते म्हणाले, आणि थांबले. कोपऱ्याकडं बघितलं. "म्हणजे, चाकांची बादली." पुन्हा थांबले. "तर, चाकं." ते घोटभर पाणी प्याले, आणि खाली बसले.

खोलीत अशी शांतता पसरली की नव्या मशीनमधला पाण्याचा बुडबुडा वर जाताना ऐकू आला. सगळ्यांनी माना वळवून कोपऱ्यात बघितलं. थोरली गालांत गोळ्या धरून भिंतीकडं बघत होती.

"विद्यापीठाची तब्येत बरी नाही का?" मोठे साहेब हळूच म्हणाले.

हिशेबवाल्यांनी विचारलं, "पण ही चाकं आपण लावत का होतो?" गंमत अशी, की कुणालाच ते आठवेना. विक्रीवाल्यांनाही नाही.

अशा शांततेत उत्पादनवाल्यांना वाटलं की आपली पाळी आली. त्यांनी नेहमीसारखं खाली बघत, पुटपुटत सांगितलं, की कडी जिथं अडकते तिथं बादली फाटते, साचा बदलायला हवा. पण आज दुसरं कुणीच बोलत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांना चक्क ऐकू आलं. "म्हणजे आपल्या बादल्या फाटतात?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "कधीपासून?" उत्पादनवाले म्हणाले, "मी कंपनीत आल्यापासून सांगतोय, साहेब." चहा यायच्या आत चाकं गेली आणि साचा ठरला.

थोरलीनं डोक्याला हात लावला. आवाज केला तेव्हा एक व्यूहरचना झाली, आवाज बंद केला तर दुसरी झाली. मॅडमचा नियम तर असा होता, की केसभरही फरक पडता कामा नये. इथं तिनं नुसत्या गोळ्या चघळून सगळी कंपनी उलटी फिरवली होती.

बाहेरच्या बोळात विक्रीवाल्यांनी तिला गाठलं. टाय सैल झालेला. "मॅडम, माझं चाकांचं काही चुकलं का?"

थोरलीला राहवलं नाही. तिनं गोळ्या गिळून टाकल्या आणि खरं ते सांगितलं. "साहेब, मी सवयीनं नुसतं हं म्हणत होते. मला चाकांतलं काही कळत नाही."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," विक्रीवाले म्हणाले. "पण घरी तेवढंसुद्धा कुणी म्हणत नाही हो."

तिच्या तोंडातून गेलंच, "हं." विक्रीवाले तिथंच भिंतीला टेकले आणि आपल्या मुलाबद्दल सांगायला लागले. त्या दिवशी तिला घरी यायला उशीर झाला.

आता प्रश्न उरला प्रबंधाचा. सगळं खरं शेवटच्या प्रकरणात लिहायचं, तर बाकीची प्रकरणं आपोआप खोटी पडायची. खोकला लिहायचा, तर पदवी हातात. मॅडमनी निरोप पाठवला होता, की परीक्षक फार खवट आहेत, दरवेळी एकच प्रश्न विचारतात आणि त्यात माणूस बुडतो, तेव्हा शहाण्यासारखी वाग. इतक्या वर्षांची मेहनत, बापानं आणलेलं कापड, गल्लीत मिरवलेली डॉक्टरीण, सगळं त्या एका खोकल्यावर लटकलं होतं.

कोटाच्या ट्रायलला ती दुकानात उभी राहिली. एक बाही लावलेली, एक नुसती टाचलेली. शिंपी खांद्याशी वाकलेला, ओठांत टाचण्या. आई म्हणाली, "काय ठरवलंस?"

"काहीच नाही," थोरली म्हणाली. "मॅडम म्हणतात खोकला लिही."

"हं," शिंपी म्हणाला.

"म्हणजे तसं लिहिलं तर कुणाला कळणारही नाही."

"हं."

"पण मग ती टायपिंगवाली बाई. तिनं मशीन लिहिलं, कारण तिला मशीन वाटलं. तिला ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक आहे. आणि चाकांची बादली कुणामुळं झाली हे मी लिहिलं नाही, तर उद्या कुणीतरी तो सिद्धांत वाचून लांब बोलायला लागेल, आणि समोर कुणी ऐकणारंच नसेल. मग?"

शिंप्यानं पाठीचं माप घेतलं. "हं."

"मग मी ते लिहिणार. शेवटचं प्रकरण लिहिणार, सगळ्या हं सकट. पदवी गेली तर गेली." असं म्हणून ती स्वतःच दचकली. मान वळवून तिनं बापाकडं बघितलं. "बाबा, तुम्ही आत्ता माझ्याकडून ठरवून घेतलंत."

शिंप्यानं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. हे दृश्य दुकानात फारसं कुणी बघितलेलं नाही. "मी कुठं काय बोललो?" तो म्हणाला. "हात जरा वर कर."

आणि प्रकरण लिहिलं गेलं. गाईड मॅडमनी ते वाचून दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी सही केली. परिषदेला त्यांनी कळवलं, की सिद्धांतात थोडी दुरुस्ती आहे, आणि दुरुस्ती सिद्धांतापेक्षा मोठी आहे.

तोंडी परीक्षेला थोरली नवा कोट घालून गेली. समोर खवट परीक्षक, बाजूला गाईड मॅडम, मागं भिंतीशी शिंपी आणि आई, कारण ऐकायला कुणालाही बसता येतं. परीक्षकांनी प्रबंध उलटा पालटा केला आणि बोलायला सुरुवात केली. कंपन्यांवर बोलले, स्वतःच्या तरुणपणावर बोलले, आजकालच्या संशोधनाच्या अधोगतीवर तर फारच बोलले. थोरलीनं दात घट्ट मिटून घेतले होते. कोटाच्या खिशात गोळ्या होत्या, पण परीक्षकांसमोर तोंडात टाकायची सोय नव्हती. त्या शांततेत परीक्षकांची गाडी अडखळायला लागली. हे सगळ्यात आधी गाईड मॅडमना सहन होईना. बिचाऱ्यांच्या तोंडून निघून गेलं, "हं." परीक्षक त्यांच्याकडं वळले आणि आणखी पाऊण तास रमले. भिंतीशी बसलेल्या शिंप्यानं आईला कोपर मारून सांगितलं, की बाईंना येतं, पण सूर जरा वर लागतोय.

शेवटी परीक्षकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि ज्या एका प्रश्नात माणसं बुडतात तो प्रश्न विचारला. "शेवटच्या प्रकरणात तुम्ही स्वतःच लिहिलंय, की तुम्ही बोललात तरी फरक पडला आणि गप्प बसलात तरी पडला. ठीक. मग आता मला एवढंच सांगा. तुम्ही त्या खोलीत नसतात, तर त्या कंपनीत काय झालं असतं?"

मॅडमनी डोळे मिटले. आईनं शिंप्याचा हात धरला. थोरलीनं आधी छताकडं बघितलं, मग बापाकडं. शिंप्याच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी ओठ तसेच मिटलेले.

पदवी मिळाली, हे मधेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याला उगाच घोर लागतो. तिचं उत्तर ऐकून परीक्षकांनी चष्मा पुन्हा काढला, आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले, आणि कागद ओढून सही करताना म्हणाले, की इतक्या वर्षांत या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी ही पहिलीच. बादल्यांच्या कंपनीनंही नंतर तिला नोकरीला बोलावलं, काम काही नाही, फक्त बसायचं. ती गेली नाही. विद्यापीठातच शिकवते, आणि तिच्या तासाला मुलं इतकं बोलतात की शिकवायचं राहून जातं. इस्त्रीवाला ते उत्तर येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवतो, पण तो त्यात पदरचं घालतो. तेव्हा ती त्या दिवशी जे बोलली ते जसंच्या तसं असं:

"सर, मी नसताना तिथं काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी जेव्हा जेव्हा बघायला गेले, तेव्हा तेव्हा मी तिथं होते."